हँड ब्लेंडर: दांडा प्लॅस्टिकचा की स्टीलचा?

ताक, लस्सी एवढंच करायचं असेल तर प्लॅस्टिकच्या दांड्याचा पुरतो. हलका आणि स्वस्तही. पण टोमॅटोचं सार किंवा पालक गॅसवरून उतरवल्या उतरवल्या पातेल्यातच फिरवायचा, तर स्टीलचाच घ्या. प्लॅस्टिकवर हळदीचा पिवळा डाग बसतो, तो सहज जात नाही. नॉनस्टिक भांड्यात मात्र स्टीलचा दांडा तळाला टेकवू नका, चरे पडतात.

खरा फरक धुताना कळतो. दांडा सुटा होणारा असेल तर खुशाल नळाखाली धरा. जोडलेला असेल तर मोटारीत पाणी जायची धास्ती. काम झालं की लगेच उंच भांड्यात कोमट पाणी नि दोन थेंब साबण घालून जरासा फिरवा. मग प्लग काढूनच, पात्यामागे अडकलेले पालकाचे धागे जुन्या टूथब्रशने काढा. वाळले की निघता निघत नाहीत.