ब्राउझर उघडला की नेट जातं: नेटवर्क रीसेट करावं की नवं प्रोफाइल?

कॉम्प्युटर सुरू केला तेव्हा नेट ठणठणीत. ब्राउझर उघडून थोडा वेळ गेला की मात्र पानं उघडेनाशी होतात, आउटलुक ‘कनेक्ट होत आहे’ म्हणत बसतं आणि दुसरा ब्राउझर उघडला तर तोही कोरा. पहिला ब्राउझर बंद केला की सगळं आपोआप सुरळीत. हा त्रास घेऊन इंदूरात कुठेही गेलात तरी सल्ले दोनच मिळतात. दुकानातला मुलगा म्हणतो, ‘भिया, नेटवर्क रीसेट मार दो.’ घरातला कॉलेजात जाणारा भाचा म्हणतो, ‘मामा, ब्राउझरमध्ये नवं प्रोफाइल, म्हणजे वेगळं कोरं खातं, करून बघा.’

आमचं काम हिशेबाचं. क्लॉथ मार्केट आणि सियागंजातल्या व्यापाऱ्यांची जीएसटी रिटर्न भरायची, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळायचं. हे दोन्ही उपाय आमच्या एकाच कॉम्प्युटरवर होऊन गेलेत, त्यामुळे दोन्हींची चव माहीत आहे. तुमच्याकडे कारण वेगळं असू शकतं, तेव्हा माझं बोलणं तेवढ्यापुरतंच धरा.

दोन्हींपैकी काहीही करण्याआधी नेट गेलेलं असतानाच त्याच वायफायवरचा मोबाइल बघा. मोबाइलचंही नेट गेलं असेल तर हे दोन्ही उपाय बाजूला ठेवा. बहुधा राउटर दमलाय. जुने राउटर एकाच वेळी फार कनेक्शन सांभाळू शकत नाहीत, आणि ब्राउझर जर कालचे सगळे टॅब एकदम उघडत असेल तर ते गुदमरतात. मोबाइल चालू असेल तर कमांड प्रॉम्प्टमधून (हुकूम टाइप करायची विंडोजची काळी खिडकी) ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघा. उत्तरं येतायत आणि तरी पान उघडत नाही, म्हणजे तार, वायफाय, लाइन सगळं शाबूत आहे. घोळ बहुधा डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सोय) किंवा प्रॉक्सीत (नेटची वाहतूक ज्याच्यामार्फत जाते तो मधला दलाल). आमच्याकडे पिंग झकास चालू होतं.

आता रीसेट. त्याची बाजूही खरी आहे. विंडोज १० मध्ये २०१६ पासून हे बटण आलं आणि अनेकांचं भलं झालं. ते सगळे नेटवर्क अ‍ॅडॉप्टर काढून पुन्हा बसवतं आणि बाकीची नेटवर्कची जुळणी मूळपदावर आणतं. ड्रायव्हर बिघडला असेल, जुन्या अँटिव्हायरसचे किंवा व्हीपीएनचे अवशेष अडकले असतील, तर डोकं न चालवता सुटका होते. बटण दाबलं की पाच मिनिटांत कॉम्प्युटर स्वतःच रीस्टार्ट होतो. घरी एकच लॅपटॉप असेल, त्यावर फक्त वायफाय असेल, तर फार तर पासवर्ड पुन्हा टाकावा लागेल. अशा माणसाला मी रीसेटपासून अडवणार नाही.

पण ऑफिसातला कॉम्प्युटर एकटा नसतो, आणि माझं मत फिरलं ते इथेच. ज्याच्यावर आम्ही रीसेट मारलं तोच आमचा मोठा कॉम्प्युटर. टॅली गोल्डचा डेटा त्याच्यावर, यूएसबीने जोडलेला प्रिंटर त्याच्यावर, आणि बाकी सगळ्यांना तो सापडावा म्हणून त्याला आयपी अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरचा घरक्रमांक) हाताने ठरवून दिलेला. रीसेटनंतर तो ठरलेला आयपी गेला आणि राउटरने स्वतःच्या मनाने दुसरा दिला. वर विंडोजने आमचं नेटवर्क ‘पब्लिक’ धरलं. पब्लिक म्हणजे स्टेशनवरच्या वायफायसारखं, शेजारच्या कॉम्प्युटरला दारच उघडायचं नाही. फायली आणि प्रिंटर वाटून वापरणं बंद. पलीकडच्या टेबलावर टॅलीत कंपन्यांची यादी रिकामी, प्रिंटर ‘ऑफलाइन’, आणि दुसऱ्या दिवशी वीस तारीख! ज्यांनी थ्रीबी, म्हणजे वीस तारखेपर्यंत भरायचं जीएसटीचं मासिक रिटर्न, भरलंय त्यांना त्या संध्याकाळची कल्पना येईल. नेटवर्क प्रायव्हेट करा, आयपी पुन्हा द्या, शेअरिंग चालू करा, आणि जुना आयपी कुणी लिहून ठेवलाय का ते विचारत फिरा.

बटणाला दोष देण्यात अर्थ नाही. ते काय करणार हे दाबण्याआधीच लिहिलेलं असतं. खरा वैताग वेगळाच होता. एवढं सगळं झाल्यावर ब्राउझर उघडला आणि थोड्या वेळाने नेट पुन्हा गेलं. रीसेट ब्राउझरच्या आत डोकावतच नाही. एक्स्टेन्शनं (ब्राउझरला जोडलेली छोटी साधनं), साठलेल्या सेटिंग्ज, कुठल्या साइटला काय परवानगी दिली, हे सगळं जसंच्या तसं राहतं. चोर माडीवर आणि आपण तळमजल्याची कुलपं बदलतोय.

नव्या प्रोफाइलचा उपाय हळू चालतो, हे मान्य. बटण दाबून मोकळं होता येत नाही. पण त्यात मोडत काही नाही. ब्राउझरच्या कोपऱ्यातल्या फोटोवर क्लिक करून नवं प्रोफाइल जोडायचं, जुनं तिथेच राहू द्यायचं. त्याहून घाई असेल तर आधी गेस्ट विंडो उघडून बघा, त्यात एक्स्टेन्शनं नसतात. तिथे नेट टिकलं तर संशयित अर्धे कमी झाले.

आमच्याकडे नव्या प्रोफाइलमध्ये नेट टिकलं. मग एकेक एक्स्टेन्शन आत घेतलं आणि प्रत्येक वेळी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रॉक्सीचं पान बंद करून पुन्हा उघडून बघितलं. पीडीएफ जोडायचं एक फुकट एक्स्टेन्शन आत आलं आणि त्या पानावर मॅन्युअल प्रॉक्सीचा खटका आपोआप चालू झालेला दिसला. पत्ता १२७.०.०.१, म्हणजे हाच कॉम्प्युटर. त्या एक्स्टेन्शनसोबत एक छोटा प्रोग्रॅम बसला होता. ब्राउझर उघडला की तो जागा व्हायचा, सगळी वाहतूक स्वतःकडे वळवायचा आणि पुढे पाठवायचाच नाही. ब्राउझर बंद झाला की खटका परत बंद करून झोपायचा. पिंगला प्रॉक्सी लागत नाही, म्हणून ते बिचारं शेवटपर्यंत ‘सगळं ठीक आहे’ सांगत राहिलं. एक्स्टेन्शन काढलं, तो प्रोग्रॅमही ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’मधून काढला. नुसतं एक्स्टेन्शन काढून भागत नाही, हे लक्षात असू द्या.

ब्राउझरच बदला, असा तिसरा सल्लाही मिळतो. प्रॉक्सी विंडोजमध्ये बसलेली असेल तर तिथली सेटिंग वाचणारा प्रत्येक ब्राउझर तिच्यातच अडकतो, त्यामुळे हा सल्ला मला फारसा पटत नाही. फायरफॉक्सला स्वतःची वेगळी प्रॉक्सी सेटिंग देता येते, तेव्हा तात्पुरतं रिटर्न भरून घ्यायला तो कामी येईल. पण डीएससीने (डिजिटल सही) सही करत असाल तर ईएमसाइनर या सहीच्या सॉफ्टवेअरची नव्या ब्राउझरशी पुन्हा ओळख करून द्यावी लागते.

तर रीसेट मारायचंच असेल, तर आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ला ‘ऑल’ जोडून (ipconfig /all) जे दिसेल त्याचा मोबाइलने फोटो काढून ठेवा, आणि महिन्याच्या अकरा आणि वीस या रिटर्नच्या शेवटच्या तारखा टाळा. नवं प्रोफाइल करणार असाल, तर जुनं लगेच डिलीट करू नका. सेव्ह केलेले पासवर्ड त्यातच असतात, आणि एखाद्या व्यापाऱ्याचा पासवर्ड फक्त तिथेच आहे हे कळतं ते त्याचं रिटर्न भरायला बसल्यावर.