शाळेचे पालक-ॲप: सोय चोख, संमती नावापुरती

मुलीच्या शाळेने यंदा गृहपाठ, हजेरी, शुल्काच्या पावत्या आणि बसचा ठावठिकाणा एकत्र देणारे ॲप पालकांना सक्तीचे केले. कामाला ते चोख आहे. बस जवळ आली की सूचना येते आणि पावतीसाठी कार्यालयाच्या खिडकीशी ताटकळावे लागत नाही.

आक्षेप आहे तो माहितीच्या हाताळणीवर. नोंदणी करतानाच संपर्कयादी, फोटो आणि मायक्रोफोन यांची परवानगी मागितली जाते. हजेरी पाहायला मायक्रोफोन कशाला, याचा खुलासा कोठेही नाही. गोपनीयता धोरण केवळ इंग्रजीत आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ प्रमाणे संमतीपूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय द्यावी लागते. संमती मुक्त आणि विनाअट असावी, तसेच ती देण्याइतकेच मागे घेणेही सोपे असावे, असेही हा कायदा सांगतो. येथे मात्र ‘मान्य आहे’ दाबल्याशिवाय गृहपाठ उघडत नाही आणि संमती मागे घ्यायची तर कंपनीला ईमेल लिहावा लागतो.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार असल्याने बहुतेक कंपन्या निवांत दिसतात. मुलांच्या, म्हणजे १८ वर्षांखालील व्यक्तींच्या, माहितीबाबतची कर्तव्ये मोडल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. शाळांना शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती देखरेखीची सवलत आहे, त्यामुळे बसचे ठिकाण दाखवण्यात गैर काहीच नाही. परंतु या ॲपमध्ये मुलीच्या इयत्तेनुसार शिकवणी वर्गांच्या जाहिराती येतात, आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती त्या सवलतीत बसत नाहीत. फोन पालकाचा आहे, अशी पळवाट कंपनी काढू शकेल. तरी जाहिरात ठरते ती मुलीच्या इयत्तेवरून, हे उघड आहे.

पाचपैकी अडीच तारे. ज्या पालकांपुढे पर्याय नाही, त्यांनी नोंदणीनंतर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन संपर्कयादी, फोटो आणि मायक्रोफोन या तिन्ही परवानग्या काढून घ्याव्यात. त्यानंतरही हजेरी, गृहपाठ, पावत्या आणि बस यांपैकी काहीही अडत नाही.