जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्ससाठी ओबीडी स्कॅनर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या घरची सात आसनी डिझेल गाडी सहा गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची असून तिचे दीड लाखाहून अधिक किलोमीटर झाले आहेत. गेल्या उन्हाळ्यापासून मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटात दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना आरपीएम एकदम चढायचा, वेग तेवढाच राहायचा आणि मग झटका बसून गिअर पडायचा. सकाळी गंगापूर रोडला मात्र हीच गाडी निर्दोष चालत असे. अंबडमधल्या एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवून खोलण्याचा सल्ला दिला. एवढ्या खर्चाला होकार देण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे समजावे, म्हणून ब्लूटूथने मोबाईलला जोडायचा ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे छोटे उपकरण) आणि गिअरबॉक्सच्या संगणकाशी बोलू शकणारे सशुल्क ॲप घेतले.

भारतात एप्रिल २०१३ पासून प्रवासी गाड्यांना ओबीडी-२ बंधनकारक झाल्याने स्टिअरिंगखालचे सोळा पिनांचे सॉकेट आता जुन्या म्हणवल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांतही सापडते. तरीही नुसत्या कोडसाठी, म्हणजे संगणकाने नोंदलेल्या दोषाच्या क्रमांकासाठी, हे उपकरण घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पी०७०० हा कोड गिअरबॉक्सच्या संगणकात काहीतरी नोंदले गेले आहे एवढेच सांगतो. पी०७३० म्हणजे गिअरचे गुणोत्तर चुकते आहे. पण अशा नोंदीसाठी दोष ठरावीक मर्यादेपलीकडे जावा लागतो आणि आमच्या गाडीत इतका स्पष्ट झटका बसूनही एकही कोड आलेला नव्हता.

खरे काम झाले ते गाडी चालू असताना दिसणाऱ्या आकड्यांमुळे. इंजिनचा आरपीएम, गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या टर्बाइनचा वेग, बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा वेग आणि ऑइलचे तापमान, एवढ्या चारच गोष्टी मी नोंदवायला ठेवल्या. जास्त गोष्टी निवडल्या की प्रत्येक आकडा उशिरा बदलतो आणि अर्ध्या सेकंदात होऊन जाणारी गडबड नोंदीतून निसटते. नोंद सुरू करून मोबाईल शेजारच्या माणसाच्या हाती द्यावा, कारण घाटात चालकाने स्क्रीनकडे पाहणे धोक्याचे आहे.

टर्बाइनच्या वेगाला बाहेरच्या शाफ्टच्या वेगाने भागले की त्या क्षणाचे गुणोत्तर मिळते. तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.४ असेल, तर टर्बाइन २१०० वर फिरत असताना शाफ्ट १५०० वर फिरायला हवा. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना हा आकडा २ च्या आसपासून सरळ १.४ पर्यंत उतरला पाहिजे. आमच्या नोंदीत तो आधी वर जाऊन मग खाली येत होता. म्हणजे दुसऱ्या गिअरचा क्लच (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आतला, गिअर धरून ठेवणारा प्लेटांचा संच) सुटल्यावर तिसऱ्याचा क्लच वेळेवर धरत नव्हता. मात्र गिअर एकदा पडला की गुणोत्तर १.४ वर स्थिर राही, घाटात पूर्ण भाराखालीही. क्लचच्या प्लेटा झिजल्या असत्या तर त्या भाराखाली घसरल्या असत्या. हायवेवर एका वेगाने जाताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक झाला की इंजिन आणि टर्बाइन यांच्या वेगातला फरकही जवळजवळ शून्यावर येत होता, त्यामुळे तोही संशयातून सुटला.

उरले तापमान. ऑइल ८०-९० अंशांपर्यंत असताना गिअर व्यवस्थित पडत, पण घाटात ते शंभरापलीकडे गेले की दोष हमखास दिसे. तापलेले ऑइल पातळ होते आणि त्यात पातळी कमी असेल तर पंपात हवा शिरून दाब पडतो. आमच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची पट्टी, नाही. सपाट जागेवर इंजिन चालू ठेवून, ऑइल ३५ ते ४५ अंशांवर असताना ओव्हरफ्लोच्या बोल्टमधून बारीक धार येते का, यावरून पातळी ठरते. आधीच्या ऑइल बदलाच्या वेळी तापमान पाहिलेच गेले नव्हते. तापलेले ऑइल प्रसरण पावते, त्यामुळे त्या अवस्थेत बोल्ट उघडला तर नको तेवढे ऑइल बाहेर पडते. सातपूरच्या एका मेकॅनिकने स्कॅनरवरचे तापमान पाहत पातळी तपासली तेव्हा ती कमी निघाली. त्यांनी कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे नवे ऑइल भरून, गिअरबॉक्सच्या संगणकाने वापरातून शिकलेली गिअर बदलण्याची मूल्ये पुसून, गाडी सावकाश चालवायला सांगितले. त्यानंतर कसारा आणि सप्तशृंगी गडाचा घाट, दोन्हीकडे गुणोत्तराची रेघ न अडखळता उतरते आहे.

या अनुभवानंतर एक आग्रहाने सांगावेसे वाटते: दोष पकडण्याआधी कोड किंवा शिकलेली मूल्ये पुसू नका. कोडबरोबर साठवलेली त्या क्षणाची माहितीही पुसली जाते आणि मेकॅनिकच्या हाती काही उरत नाही.

तक्रारीही आहेत. अडॅप्टर सॉकेटमध्ये तसाच राहिला तर उभ्या गाडीची बॅटरी उतरवतो. फुकट मिळणारी बहुतेक ॲप फक्त इंजिनची माहिती दाखवतात. शिवाय थंड गाडी रिव्हर्सला टाकताना बसणारा धक्का स्कॅनरला दिसलाच नाही; तो गिअरबॉक्सखालच्या माउंटिंगचे रबर फाटल्यामुळे होता आणि मेकॅनिकने गाडीखाली जाऊन पाहिल्यावरच सापडला.

घेण्यापूर्वी विक्रेत्याला एवढेच विचारा की आपल्या मॉडेलच्या आणि त्या वर्षाच्या गाडीत टर्बाइनचा वेग आणि गिअरबॉक्सच्या ऑइलचे तापमान दिसते का. शक्य असेल तर स्वतःच्या गाडीला लावून पाहा. हे दोन आकडे दिसत नसतील, तर ते पैसे चांगल्या मेकॅनिककडच्या तपासणीवर खर्च करावेत.