१०६४ : सापळ्यापर्यंत चोख, पुढे सबुरी

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची सापळ्याची सेवा घ्यायची तर पैसे हातातून सुटण्याआधी. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही कलम ८ खाली आरोपी होतो. बळजबरीने दिली असेल तर सात दिवसांत कळवावं लागतं. आधी कळवून सापळ्यात दिलेल्या नोटा मात्र या कलमात येत नाहीत.

१०६४ हा विभागाचा क्रमांक टोल-फ्री आहे, पण फोनवर फक्त सुरुवात होते. सापळ्यासाठी नावानिशी लेखी तक्रार लागतेच.

सगळी मदार पडताळणीवर, म्हणजे लाच खरंच मागितली जाते का हे तपासण्यावर. पंच आणि व्हॉइस रेकॉर्डर सोबत देऊन तक्रारदाराला पुन्हा त्याच टेबलाकडे पाठवतात. तिथे उतावळेपणा नडतो. 'साहेब, पाच हजार आणू का?' असं आपणच म्हटलं, की बचावाच्या वकिलाचं निम्मं काम झालं. 'माझ्या फेरफारचं काय झालं?' एवढंच विचारावं आणि गप्प बसावं. समोरच्याने बोटं दाखवली किंवा कॅल्क्युलेटर पुढे केला, तर रेकॉर्डरला काय दिसणार? तेव्हा मात्र तोच आकडा आपणच मोठ्याने उच्चारून घ्यावा. बातम्यांतलं 'तडजोडीअंती' इथूनच येतं, घासाघीससुद्धा पुरावाच.

नोटा तक्रारदाराच्याच असतात. त्यांचे क्रमांक पंचनाम्यात लिहून वर अँथ्रासीन पावडर लावतात. साध्या उजेडात ती कळत नाही, अतिनील दिव्याखाली निळसर चमकते. खिशात ठेवलेल्या त्या नोटांना मागणी होईपर्यंत हात लावायचा नाही, कुणाशी हस्तांदोलनही नको. पैसे घेतले की ठरलेला इशारा.

फसतं कुठे? 'ड्रॉवरमध्ये टाका', 'टपरीवर देऊन या' असं सांगणारे बरेच. टपरीवाला 'खासगी इसम' म्हणून अडकतो, पण साहेबांच्या बोटांना पावडर लागतच नाही. म्हणून पडताळणीचं रेकॉर्डिंग मोलाचं. तसंही मागणी सिद्ध न होता नुसती चमकलेली बोटं कोर्टात पुरत नाहीत.

इथवरच्या सेवेला पैकीच्या पैकी. पुढे गाडी रखडते. लोकसेवकावरच्या खटल्याला त्याच कायद्याच्या कलम १९ खाली सरकारची किंवा सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी हवी. कायद्यात मुदत तीन महिने, कायदेशीर सल्ल्यासाठी आणखी एक. फायली त्याहून जास्त रेंगाळतात. तोवर तक्रारदार थकतो, कधी फितूर होतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने परिस्थितीजन्य पुराव्यावरही मागणी सिद्ध होऊ शकते असं ठरवलं, हा त्यातल्या त्यात दिलासा.

मोठी खोट वेगळीच. लाच घेताना जागच्या जागी अटक झाली तर कलम १७अ ची, म्हणजे चौकशीआधी वरून घ्यायची, पूर्वपरवानगी लागत नाही. अधिकाऱ्याने घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची तर लागते. त्यामुळे टेबलावरचा कारकून दुपारपर्यंत सापडतो आणि टेंडरची फाईल परवानगीच्या रांगेत उभी राहते.

एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. ती मागून नीट जपून ठेवावी. साक्षीचं समन्स येईपर्यंत रक्कम कितीची आणि वार कोणता, हे आठवत नाही.