पक्ष्यांसाठी परळ घ्यायचा तर बिनरंगाचा

मार्च लागला की नागपुरात रस्त्याकडेच्या माठवाल्यांकडे पक्ष्यांचे परळही, म्हणजे त्यांना पाणी ठेवायच्या मातीच्या उथळ थाळ्या, दिसू लागतात. काही ऑइलपेंटचे, वेलबुट्टी काढलेले. काही नुसते भाजलेल्या मातीचे. देखणे रंगीतच असतात, पण अंगणातले पक्षी आणि कीटक बघायचे असतील तर साधा परळ घ्या.

साधा परळ माठासारखाच पाझरतो. पाणी थंड राहतंच, शिवाय बाहेरची बाजू ओली राहते. पोळं थंड ठेवायला मधमाश्यांना उन्हाळ्यात पाणी लागतं. त्या या ओल्या भिंतीला बिलगून पाणी पितात, बुडत नाहीत. रंगाने छिद्रं बुजली की हे सगळं संपलं. मग पाण्याबाहेर डोकं काढतील असे खडे आत टाकावे लागतात.

परळ फरशीवर नको, तीन विटांवर, खाली माती राहील असा ठेवा. भरताना सांडलेल्या आणि पक्ष्यांनी उडवलेल्या पाण्याने तिथे चिखल होतो. कुंभारमाशी घरट्यासाठी तोच नेते, फुलपाखरं त्यातले क्षार शोषतात. कीटकांची खरी गंमत परळाच्या आत नसते, खाली असते.

माप बारा इंच रुंद आणि फार तर दोन इंच खोल. यात दोन-अडीच लिटर पाणी मावतं. बुलबुल आणि साळुंकी उथळ पाण्यातच आंघोळ करतात. खोल असेल तर काठावरून पिऊन उडून जातात. बाकीचे पक्षी घोट घेऊन मान वर करतात, होला मात्र चोच बुडवून सलग ओढतो, म्हणून मध्यभागी इंचभर तरी पाणी हवं. टांगायचे परळ टाळा. सातभाईंची टोळी एका काठावर उतरली की सगळं पाणी खाली.

घेताना बोटाने वाजवून बघा. आवाज खणखणीत हवा. बद्द आला तर तडा आहे किंवा भाजणी कच्ची आहे. आणल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी दहानंतर सावली येईल अशी जागा निवडा. वर जांबाची किंवा कडुनिंबाची फांदी असावी, पण दाट झुडूप सहा-सात फूट दूर, नाहीतर मांजर दबा धरून बसतं. बघायला सकाळी साडेआठपर्यंतची वेळ उत्तम. तांबटाची वाट बघू नका. दिवसभर टुकटुक करेल, पण फळांवर भागत असल्याने पाण्यावर क्वचितच येतो.

आता तोटे. आपल्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं; एप्रिलपासून सकाळ-दुपार दोनदा भरावं लागतं. खडबडीत मातीवर शेवाळही लवकर धरतं. नुसतं पाणी बदलून भागत नाही: डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात आणि वाळली तरी महिनोन्महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा परळ रिकामा करून काथ्याने घासा आणि उन्हात वाळवा. कुलरच्या टाकीलाही हाच नियम. साबण नको, माती तो शोषून घेते.

बोअरच्या जड पाण्याने पांढरा थर चढतो आणि पाझर मंदावतो. लिंबाच्या सालीने घासूनही बाहेरची बाजू कोरडीच राहत असेल तर नवा परळ आणा. जुना दाण्यांसाठी चालतो.