तांबड्या रश्श्याला कुठली तांबडी? हजाराच्या आगेमागच्या रेड वाइनचा हिशेब

नाताळ आणि एकतीस डिसेंबर यांच्या मधला रविवार आमच्याकडे जेवणाचा असतो. एकतीसला जो तो आपापल्या सोयीनं गायब होतो. मंगळवार कुणाचा, गुरुवार कुणाचा. रविवारच्या मटणाला मात्र घरात कुणाचीच हरकत नसते. ठाण्यात नौपाड्यातलं घर, दहा माणसं. वहिनी कोल्हापूरच्या, म्हणून तांबडा-पांढरा त्यांच्याकडे, सुकं मटण आमच्याकडे आणि वाइन माझ्याकडे. पाच-सहा वर्षं हे खातं सांभाळतोय, त्यामुळे यंदा पहिल्यांदाच घरच्या जेवणाला रेड आणायच्या विचारात असाल तर माझा अनुभव थोडाफार कामी येईल असं वाटतं. मी जाणकार वगैरे नाही. शिराझ हे द्राक्षाच्या जातीचं नाव आहे आणि रेडचा रंग सालीतून येतो, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढं जातो.

आधी किती आणायच्या ते सांगतो, कारण तिथंच बहुतेकांची गडबड होते. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास बसतात. आमच्या दहांतले आठ पिणारे. भाचा वीस वर्षांचा आहे, त्याला कायद्यानं अजून वर्षभर कोकम सरबत, आणि आई नुसता वास घेऊन ‘आंबलंय’ म्हणते. आठ जणांना दोन-दोन ग्लास म्हणजे सोळा ग्लास, तीन बाटल्यांत पंधरा. तो सोळावा ग्लास नेमका मेव्हण्याचा असतो. म्हणून चार. चार बाटल्या आणायच्या म्हटलं की बाटलीमागं हजार, फार तर एखादीला दीड हजार, यापुढं हात जात नाही.

आपल्याकडच्या वाइन शॉपमध्ये वाइन सोडून सगळं असतं हे वेगळं सांगायला नको. व्हिस्की-रमच्या भिंतीशेजारी एक फळी असते, तिच्यावर पंधरा-वीस बाटल्या. काउंटरवरचा माणूस विचारतो, “रेड? गोड पाहिजे का कडू?” पहिल्या वर्षी मला याचं हसू आलं होतं. आता वाटतं, रश्श्यासोबत पिणाऱ्यानं स्वतःला हाच प्रश्न आधी विचारावा.

‘गोड’ म्हटलंत तर हातात पोर्ट येईल. गोव्याकडची पोर्ट वाइन स्वस्त असते, सगळ्यांना आवडते, आणि पहिल्या ग्लासानंतर जेवण बाजूला राहतं. ख्रिसमस केकबरोबर छान लागते. मटणाबरोबर म्हणजे रश्श्यात खडीसाखर. पुढं जाऊ.

दुसरी, सगळीकडे हमखास मिळणारी, म्हणजे नाशिकची शिराझ-कॅबर्ने, दोन जातींच्या द्राक्षांची मिळून केलेली. माजिवड्यावरून नाशिक हायवेला लागलं की कसारा घाटापलीकडं जे द्राक्षांचं राज्य सुरू होतं, तिथली. तिथं पाऊस संपल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी होते आणि जानेवारी ते मार्च तोडणी. बाटलीवर जे साल छापलेलं असतं ते तोडणीचं. हजारातली रेड ही काही तळघरात मुरवायची वस्तू नव्हे. सालाला दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली असली तर मी ती परत फळीवर ठेवतो. शिराझ-कॅबर्ने तशी भारदस्त. शिराझची मिरीसारखी चव, कॅबर्नेत कधी कधी ढोबळ्या मिरचीचा हिरवट वास. सुक्या मटणाबरोबर, विशेषतः चरबीच्या तुकड्याबरोबर, ती मला आवडते. अडचण तांबड्या रश्श्याशी होते. कॅबर्नेचं टॅनिन म्हणजे कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी टाळ्याला चिकटते, तो तुरटपणा. तिखटानं जीभ आधीच पेटलेली, त्यावर हा तुरटपणा आणि तेरा-चौदा टक्के अल्कोहोल. वहिनींचा रस्सा भुरकून ज्यानं घोट घेतला त्यानं पाण्याचा तांब्या मागितला. दोन वर्षं पाहिलं, दोन्ही वर्षी तेच. तुमचा रस्सा ठाण्याच्या बेताचा असेल तर कदाचित काहीच होणार नाही.

तिसरी ऑस्ट्रेलियाची शिराझ. जेकब्स क्रीक सगळ्यांनी पाहिलेली असते. गोलसर, गुळगुळीत, कुणाला नावं ठेवायला जागा न देणारी. पण परदेशी वाइनवर आपलं सीमाशुल्क १५० टक्के होतं. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२पासून लागू झाला, त्यात पाच डॉलरवरच्या आयात किमतीच्या बाटल्यांचं ते १०० टक्क्यांवर आलं आणि टप्प्याटप्प्यानं आणखी उतरायचंय. तरीही आपण देतो त्या पैशातला मोठा वाटा कराचा असतो. तिकडं जी रोजच्या जेवणाला उघडतात ती आपण सणाला आणतो. पाहुण्यांत कुणी परदेशात राहून आलेलं असलं की एक अशी ठेवावी, नात्यांसाठी बरी.

चौथी अकलूजची साँजोव्हेजे, आणि हिच्याबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय. अकलूज म्हटलं की ऊस आणि साखर कारखाना डोळ्यांसमोर येतो, पण फ्रातेल्ली या वाइन कंपनीचे मळे त्याच परिसरातले. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. मोहिते-पाटलांसह तीन घरांतले भाऊ एकत्र आले म्हणून हे नाव. साँजोव्हेजे हे मुळात इटलीतल्या तोस्कानाचं द्राक्ष, तिथली कियांती वाइन ज्यापासून करतात ते. रंगानं फिकी, म्हणून आमच्याकडे पहिल्यांदा ओतली तेव्हा मेव्हण्यानं “पाणी घातलंय का?” असं विचारलं. पण तिच्यात एक आंबटपणा आहे, आणि टोमॅटो-कांद्याच्या वाटणाला आंबट काहीतरी लागतंच. आपण मटणावर लिंबू पिळतो ते काय उगीच? सुक्या मटणाला चारांत ही सगळ्यात चांगली, असं माझं मत. पांढऱ्या रश्श्याशी मात्र हिचं जमत नाही. नारळाच्या दुधापुढं आंबट पातळ वाटते.

बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची ग्रोव्हरची ला रिझर्व्ह हीसुद्धा कुणी कुणी सुचवतं. ओकच्या पिंपात मुरलेली, आब राखून असलेली वाइन. माझ्या मते ती भाजलेल्या मांसाबरोबर, चार माणसांत, शांतपणे घ्यायची. दहा जणांच्या कालव्यात तिच्याकडे लक्ष कोण देणार?

आता माझा निकाल ज्या गोष्टीनं लागला ती. चव नव्हे. बूच.

तीन वर्षांपूर्वी एक दीड हजाराच्या पुढची बाटली भेट आली होती. चांगली म्हणून मी ती सणासाठी राखून ठेवली, माळ्यावर, उभी. आमचा माळा वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली. मे महिन्यात तिथं ठेवलेल्या मेणबत्त्या वाकतात. म्हणजे दोष बाटलीचा नाही, सरळ माझा. बुचाची बाटली आडवी ठेवतात ती एवढ्यासाठीच की आतून बूच ओलं राहावं. उभी ठेवली की ते सुकतं, आकसतं, भुसभुशीत होतं. हे मला नंतर कळलं.

रविवारी रात्री साडेनऊला पानं वाढलेली, रस्सा वाफाळतोय आणि मी बूच काढायचा स्क्रू शोधतोय. स्वयंपाकघरातला तो एक खण असतो ना, ज्यात सोलाणं, किसणी, पुरणयंत्राच्या जाळ्या आणि फ्यूज वायर एकत्र नांदतात? तो पूर्ण उपसला. नाही. बायकोनं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, ‘कुणाकडे वाइनचं बूच काढायचं आहे का?’ सेक्रेटरींनी अंगठा दाखवला. एवढंच. शेवटी खालचे काका लाकडाचा स्क्रू, पेचकस आणि पक्कड घेऊन आले. दाराची बिजागरी बसवावी तशा तन्मयतेनं त्यांनी स्क्रू आत घातला आणि पक्कडीनं ओढला. अर्धं बूच वर आलं, अर्धं आत, आणि त्या अर्ध्याचा भुगा. उरलेलं लाटण्याच्या दांड्यानं आत ढकललं तेव्हा एक पिचकारी माझ्या नव्या कुडत्यावर उडाली. मग वाइन चहाच्या गाळणीतून गाळली. गाळणी स्वच्छ होती, पण रोज सकाळी तिच्यातून आलं-वेलचीचा चहा जातो. पहिला घोट घेऊन आत्या म्हणाली, “अरे, मसाल्याची आहे का ही?” वेलचीखालची मूळ चवही मनुका उकळल्यासारखी झाली होती, ते स्लॅबखालच्या मे महिन्याचं काम. पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आलं-वेलचीनं लाज राखली.

तेव्हापासून घरच्या जेवणाला मी फिरवायच्या झाकणाचीच बाटली घेतो. बूच हलक्या बाटलीला नसतंच, त्यात काहीतरी खानदानी असतं, असं मानणारे मित्र मला आहेत आणि त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण आमच्या घरात दहा भुकेली माणसं आणि एकही धड स्क्रू नाही. शिवाय एसी नसलेल्या दुकानात उन्हाळाभर उभी राहिलेली बुचाची बाटली आपल्या हाती येऊ शकते, तिचं काय? झाकण फिरवलं की वाइन ग्लासात, आणि उरली तर परत फिरवून फ्रीजमध्ये. दोन-तीन दिवस ठीक राहते. घेताना बाटलीची मान नीट बघा: फिरवायचं झाकण असलं की धातूवर खाली बारीक तुटक रेघ असते, ती जिथं तुटते तिथली. बुचावरचा कागद गुळगुळीत असतो.

या गाळणीतून माझ्याकडे जी उरली ती सुलाची झिनफंडेल. रोझे नव्हे, लाल. लेबल नीट वाचा, दोन्ही एकाच नावानं मिळतात आणि घाईत गुलाबी हातात पडते. झिनफंडेलची वंशावळ मजेशीर आहे. कॅलिफोर्नियाचं म्हणून मिरवणारं हे द्राक्ष मूळ क्रोएशियाचं निघालं, आणि दक्षिण इटलीत त्याच्याच वाइनला प्रिमितिव्हो म्हणतात, हे डीएनए तपासून सिद्ध झालंय. सुलाचे राजीव सामंत कॅलिफोर्नियात शिकले, नोकरी केली आणि परतून १९९९मध्ये त्यांनी नाशिकला वायनरी काढली. सुलभा हे त्यांच्या आईचं नाव, त्यावरून सुला. तेव्हा कॅलिफोर्नियाचं द्राक्ष गंगापूर धरणाच्या बाजूला कसं पोचलं याचं फार नवल वाटायला नको.

चवीचं म्हणाल तर पिकलेल्या करवंदासारखी, थोडी दालचिनी, तुरटपणा कमी. गोड नाही, पण गोडाकडं झुकल्याचा भास होतो, आणि तांबड्या रश्श्यापुढं तोच भास कामाला येतो. गेल्या दोन वर्षांत तिच्यासोबत कुणी पाण्याचा तांब्या मागितलेला नाही. माझं मोजमाप एवढंच. सुक्या मटणाला साँजोव्हेजे तिच्यापेक्षा सरस, हे मी आधीच मान्य केलंय, आणि नुसती वाइन घेऊन बसायचं असेल तर झिनफंडेल थोडी भोळी वाटेल. अशा वेळी शिराझ-कॅबर्ने घेतलीत तरी चूक नाही. पण पानात तांबडा, पांढरा, सुकं, सोलकढी सगळं असेल तर मला वाटतं हिच्यावर विसंबावं.

एक गोष्ट मात्र सगळ्याच बाटल्यांना लागू. रेड ‘रूम टेंपरेचरला’ प्यावी असं सांगणाऱ्यांची खोली युरोपातली असते, सोळा-अठरा अंशांची. ठाण्यात डिसेंबरातही दुपारी तीस होतं आणि दहा माणसं बसलेल्या खोलीत रात्री पंखा लागतो. त्या उकाड्यात रेडचं अल्कोहोल आधी नाकात जातं आणि मग घशात पेटतं. वाढायच्या आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको. झिनफंडेल तर थोडी जास्त गार असली तरी बिघडत नाही.

यंदा तीन झिनफंडेल आणि काकांसाठी एक साँजोव्हेजे आणायची असं ठरलंय. प्रश्न उरतो तो फ्रीजच्या जागेचा: त्या रविवारी तिथं केकचा खोका, सोलकढीचं पातेलं आणि कोथिंबिरीच्या दोन जुड्या असतात. त्या अर्ध्या तासासाठी यातलं काहीतरी बाहेर काढायची परवानगी सकाळीच घेऊन ठेवा, रात्री साडेआठला मागितली तर मिळत नाही.