आजीचं पवित्र शास्त्र, पेठेतला बाइंडर आणि कापलेली कड

आधी कामाचं सांगते. शिलाई सुटलेलं जुनं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, नव्यानं बांधून घेतलं. ९०० रुपये ठरले होते, ७०० पडले. का ते पुढे येईल. ‘पंधरा दिवसांनी या’ म्हणाले होते, ३७ दिवस लागले. बांधणी अशी झालीय की पुढची पन्नास वर्षं कुणी हात लावायला नको. तरी मी पाचपैकी चारच देणार, आणि तो चौथाही द्यायचा की नाही यावर दोन दिवस घालवले.

दुकानाचं नाव लिहीत नाही. माणूस एकटा काम करतो, त्याला न विचारता त्याची तक्रार नावानिशी चव्हाट्यावर मांडणं बरं नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकापासून चालत पाच मिनिटांवर, वाड्याच्या तळमजल्यावर, एवढं पुरे. असे बाइंडर पेठांमधून अजून आहेत. वह्या-रजिस्टरं आणि कॉलेजची प्रोजेक्टं बांधणारे वेगळे आणि जुनं पुस्तक उसवून परत शिवणारे वेगळे, एवढं मात्र लक्षात ठेवा.

पुस्तक माझ्या आजीचं. आजी नेवासे तालुक्यातली, चौथी शिकलेली. तिच्या पवित्र शास्त्राला समास कमी पडले, इतकं तिनं त्यात लिहून ठेवलंय. सुरुवातीचं जांभळ्या पेन्सिलीनं, टोक जिभेवर ओलं करून लिहिलेलं, नंतरचं बॉलपेननं. त्यात प्रवचनाचे मुद्दे वगैरे काही नाहीत. तारीख किंवा साल, दोन-चार शब्द, आणि बहुतेक सगळ्या ठिकाणी शेवटी ‘उपकार’. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आभाराला हाच शब्द. कापणीच्या सणाला आम्ही ‘उपकारस्तुती’ म्हणतो, आणि थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ असं आहे, ते वाक्य आजीच्या घरी भिंतीवर टांगलेलं होतं. खाली अडकवायला खुंटी होती. तिच्यावर आजोबांची छत्री.

नमुना म्हणून काही नोंदी. कोणाच्या ऋणात राहू नका असं रोमकरांस पत्रात सांगितलंय, त्याच्या शेजारी: ‘मशीनचा शेवटचा हप्ता फिटला. १९६८. उपकार.’ तेविसाव्या स्तोत्राशी: ‘थोरल्याचा ताप उतरला. ९ दिवस. उपकार.’ याईराच्या मुलीची गोष्ट आहे तिथे: ‘मुलगी झाली. सासूबाई बोलल्या नाहीत. उपकार.’ ती मुलगी म्हणजे माझी आत्या. उपकार मुलीचे की सासूबाई गप्प बसल्याचे, यावर आमच्या घरात आजवर एकमत झालेलं नाही. आणि ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ याच्या बाजूला: ‘१९७२. सुकडी मिळाली. भाकर नाही. उपकार.’ बहात्तरच्या दुष्काळात आजी-आजोबा दोघंही खडी फोडायला जात. आजोबा मास्तर होते, पण ती नोकरी तेव्हा सुटलेली होती.

तर असं हे पुस्तक माझ्याकडे आलं तेव्हा उत्पत्तीची पहिली काही पानं सुटी होती, प्रकटीकरणाचा शेवट एका रबरबँडनं धरलेला होता, आणि पाठ पार मोडलेली. मी नर्स आहे. २००९ साली मी त्यावर मला येत होता तो उपचार केला होता. वॉर्डात मिळते ती पांढरी कागदी चिकटपट्टी, मायक्रोपोर, पाठीवर आडव्या आडव्या मारल्या होत्या.

बाइंडरकाकांनी पुस्तक हातात घेतलं, उलटं केलं, पट्ट्या बघितल्या आणि म्हणाले, “हा कुठल्या डॉक्टरचा पेशंट?”

मी कबूल केलं. त्यानंतर दहा मिनिटं मी जे ऐकून घेतलं ते एवढ्या वर्षांत मेट्रनकडूनही ऐकलेलं नाही. चिकटपट्टीचा गोंद वर्षांनी कागदात उतरतो, पिवळा पडतो आणि कागद सोबत घेऊनच निघतो. त्यात बायबलचा कागद कांद्याच्या सालीसारखा. सेलोटेप, फेव्हिकॉल, स्टेपलर या तिन्ही गोष्टी जुन्या पुस्तकाच्या आसपास आणायच्या नाहीत. हा सल्ला मी फुकटात पुढे देतेय.

मग त्यांनी मूळ गाव विचारलं. नेवासे म्हटल्यावर सूर बदलला. गृहस्थ वारकरी. गळ्यात माळ, आणि कपाटात बांधायला आलेल्या ज्ञानेश्वऱ्यांची चळत. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशातच, १२९० मध्ये. ज्या खांबाला टेकून माउली बसले असं सांगतात तो पैसाचा खांब अजून तिथे आहे. “माउलींच्या गावचं पुस्तक,” असं म्हणून त्यांनी ते डेस्कवर न ठेवता वरच्या फळीवर, पोथ्यांच्या रांगेत ठेवलं. पुढचे ३७ दिवस आजीचं पवित्र शास्त्र ज्ञानेश्वऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसलं होतं. आजीची काही हरकत नसती. ती स्वतः पैसाच्या जत्रेत बांगड्या भरायला जायची.

कामाची पद्धत मी दोन-तीन चकरांमध्ये बघितली. पुस्तक पूर्ण उसवतात. छापील कागद घड्या घालून एकात एक बसवलेले असतात, त्या एका गठ्ठ्याला फॉर्म म्हणतात. प्रत्येक फॉर्म सुटा करायचा, जुना सरस ओल्या फडक्यानं मऊ करून खरवडायचा, मग दोऱ्यानं फॉर्मला फॉर्म शिवत जायचं. त्यांचा शब्द जुजबंदी. खळ मैद्याची, घरी शिजवलेली, कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद. घडीवरच फाटलेली पानं असतील तर मागून पातळ कागदाची चिंचोळी पट्टी लावून जोडायची. हे सगळं हातानं, आणि दर चार मिनिटांनी फोन उचलत. फोनवर प्रत्येकाला ‘बुधवारी’ असं सांगत होते.

मी त्यांना केडगावचं सांगितलं, कारण त्यांना माहीत नव्हतं आणि मला सांगायची हौस. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणलं, १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि १९२४ मध्ये ते बाहेर आलं, तेही केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशन आश्रमाच्या स्वतःच्या छापखान्यातून. तिथे छपाईचे खिळे जुळवायला आश्रमातल्याच बायका-मुली. काकांनी सुई थांबवली. “शिवलं पण बायकांनीच?” त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, “त्याशिवाय टाके सारखे यायचे नाहीत.”

आता तक्रार.

मी पहिल्याच दिवशी तीनदा सांगितलं होतं: कड कापायची नाही. पुस्तक बांधून झालं की तिन्ही बाजू मशीनखाली सरळ करून घेतात, पुस्तक नव्यासारखं दिसतं. पण आजीचं अक्षर थेट कडेपर्यंत गेलेलं. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जरी कापलं तरी शब्द जाणार. काकांनी पावतीवर ‘कटिंग नाही’ असं लिहूनही दिलं होतं.

पुस्तक मला उपकारस्तुतीच्या रविवारी हवं होतं. त्या दिवशी वाचन माझ्याकडे होतं. मिळालं नाही. ‘बुधवारी’ असं उत्तर आलं. मी मोबाइलवरून वाचलं, आणि दुसऱ्याच ओवीला, म्हणजे वचनाला, मुलीचा फोन आला आणि अख्ख्या देवळात रिंगटोन वाजला. भक्ती संपल्यावर लिलाव झाला. लोकांनी आणलेलं पहिलं पीक, ऊस, भोपळे, कोंबड्या, घरचं लोणचं, पेटीपुढे रचलेलं असतं आणि बोली लागते. एकच अंडं चार-चारदा विकलं जातं, कारण घेणारा ते परत पाळकसाहेबांच्या हातात देतो. मी रागाच्या भरात एक दुधी साडेचारशेला घेतला. शहरात कुणाचं पीक येणार म्हणा. तो दुधी मंडईतलाच होता, देठावरचं स्टिकर काढायचं राहिलं होतं.

पुस्तक हातात आलं तेव्हा मात्र खरंच गप्प झाले. काळं रेक्झिन, पाठ गोल, उघडलं की कुठल्याही पानावर सपाट पडतं. माझ्या पट्ट्यांचे डाग फिके झालेले, पूर्ण गेलेले नाहीत. शेवटी आठ कोरी पानं जास्तीची घातलेली, मी न सांगता. रोमकरांस पत्र बघितलं, हप्ता जागेवर. सुकडी जागेवर. आत्या जागेवर.

मग जुन्या करारातलं हबक्कूकचं पुस्तक उघडलं. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी ते शब्द आहेत: अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, मेंढवाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. तिथे आजीनं लिहिलं होतं: ‘बैल विकले. गोठा रिकामा. तरी.’ तिच्या सगळ्या नोंदींत ही एकच अशी आहे जिथे ‘उपकार’ हा शब्द नाही. मी लहानपणी विचारलं होतं, तर म्हणाली, त्या दिवशी तेवढंच झालं माझ्याच्यानं.

आता पानावर आहे: ‘बैल विकले. गोठा रिकामा. त’.

काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, पान उजेडात धरलं, आणि लगेच कळलं त्यांना. तो एक फॉर्म घडीवर फाटलेला होता. पट्टी लावून जोडल्यावर तो बाकीच्यांपेक्षा जरा बाहेर यायला लागला. मशीनला घातलाच नाही, पण ‘बाहेर आलेला दिसतोय’ म्हणून हाताला सवयीनं सुरी लागली. दोन सूतही नसेल. “हात गेला ताई,” एवढंच म्हणाले. कारण वगैरे लांबवलं नाही, याचे मी गुण देते.

मग कातरणीचं पोतं ओढून त्यांनी फरशीवर उपडं केलं. आम्ही दोघं उकिडवं बसून अर्धा तास जांभळी रेघ शोधत होतो. वह्यांची, पावतीपुस्तकांची, कुणाच्या थिसिसची कातरण, शेवयांसारखी. मध्ये चहा आला. सापडलं नाही. काकांनी २०० रुपये परत दिले. मला वाटलं होतं मी नको म्हणेन. घेतले.

घरी येऊन त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये शोधला. पुस्तक द्यायच्या आधी मी फोटो काढले होते, पण आळस करून फक्त नव्या कराराचे. म्हणून जुनं पुस्तक बांधायला देणाऱ्यांना सांगते: लिहिलेल्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, कंटाळा आला तरी. ‘कटिंग नाही’ हे पावतीवर नको, पुस्तकातच कागदाची पट्टी घालून लिहा, कारण सुरी हातात असते तेव्हा पावती गल्ल्यात असते. पाठीवर नाव ठसवून घेणार असाल तर स्वतः लिहून द्या. माझ्या डोळ्यांदेखत ‘शास्त्र’मधला ‘त’ गळता गळता राहिला. आणि सांगितलेल्या दिवसांची दुप्पट धरून चाला.

मागे एका सहकारीणीनं वाढदिवसाला एक कृतज्ञता डायरी दिली होती. गुळगुळीत कागद, रोज तीन ओळी, वरच्या कोपऱ्यात फुलपाखरू. आठवडाभर लिहिली. तीन ओळी भरायच्या म्हणून चौथ्या दिवशी मी ‘चांगला पाऊस’ लिहिलं, आणि त्या दिवशी आमच्या जिन्यात गुडघाभर पाणी होतं. तिला पाचपैकी दीड.

काकांनी घातलेली आठ पानं मात्र तीन आठवडे कोरीच होती. आजीच्या पुस्तकात आपण काय लिहायचं, असं वाटायचं. गेल्या महिन्यात रात्रपाळीहून आले आणि चप्पल काढायच्या आधी लिहिलं: ‘११ नंबरच्या आजोबांनी सहा दिवसांनी पेज घेतली. अर्धी वाटी. उपकार.’ तारीख घालायची राहिली, मग दुसऱ्या दिवशी वेगळ्या पेननं घातली. दोन दिवसांनी ११ नंबर गेले. ती नोंद मी खोडली नाही.

आता आमचं गाण्याचं पुस्तकही त्याच काकांकडे दिलंय. त्यात नारायण वामन टिळकांचे अभंग आहेत. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढे नगरला राहिले. काकांनी पान उघडून एक अभंग चालीवर म्हणून बघितला आणि म्हणाले, हे तर आमच्यातलंच दिसतंय. या वेळी प्रत्येक फॉर्ममध्ये मी पिवळ्या कागदाची पट्टी घातलीय, ‘कापू नका’ लिहून. एकूण २६ पट्ट्या. बुधवारी फोन करतो म्हणालेत. कुठल्या बुधवारी, ते विचारायचं राहिलं.